दोन पगारांची बेरीज

सकाळी ८.१५

सोमवार, ७ जुलै २०२५. काल आषाढी झाली, म्हणून डब्यात आज पारण्याचा वरणभात, अळूची भाजी आणि कालची उरलेली वाटीभर खिचडी. भोपाळच्या कोलार रोडवरून एम. पी. नगरला येताना पाऊस होताच. बोर्ड ऑफिस चौराह्यावर मेट्रोच्या खांबांखाली स्कूटर थांबवून मी फोन पाहिला, तर अपेक्षेप्रमाणे सगळ्या क्लायंटांचा एकच प्रश्न: आज सात ना?

हो, आज सात. छोट्या कंपन्यांचे पगार आणि त्यांवरचा कर सांभाळणं हा माझा धंदा आणि सात तारीख हा आमचा महिन्याचा सण. पगारातून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, पुढच्या महिन्याच्या सातपर्यंत सरकारजमा करावा लागतो. अपवाद फक्त मार्चचा, त्याला ३० एप्रिलपर्यंत मुभा. मुदत चुकली तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि ते सात तारखेपासून नाही, कापल्या दिवसापासून. ३० जूनला कापलेला कर ८ जुलैला भरला तर जून एक आणि जुलै एक असे दोन महिने धरतात. एका दिवसाच्या उशिराला तीन टक्के! हे मालकांना एकदा नीट समजावलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

सकाळी ८.५०

चलनं. यात सांगण्यासारखं काही नाही. बँकांची साइट साडेदहानंतर रांगायला लागते, म्हणून आम्ही लवकर बसतो. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा आकडे वाचतो, मी भरते, मग मी वाचते आणि तो तपासतो.

सकाळी १०.००

मंडळाच्या गणेशोत्सवातली ओळख असलेल्या एका काकूंची मुलगी आली. सप्टेंबर २०२४ पर्यंत ती पुण्यात हिंजवडीला होती. वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तशी इथेच नोकरी शोधून ऑक्टोबरपासून भोपाळला रुजू झाली. पगारही वाढला, पुण्यात महिना साठ हजार होता, इथे एक लाख. खुर्चीवर बसायच्या आत म्हणाली, "काकू, दोन्ही कंपन्यांनी काहीच टॅक्स कापला नाही. म्हणजे माझा रिटर्न झीरोचाच ना? मला कुणी फॉर्म १६ पण दिला नाही."

फॉर्म १६ दिला नाही, कारण तो कर कापल्याचा दाखला असतो. कापलंच नाही तर दाखला कशाचा? मी तिला पगाराच्या स्लिपा आणि पुण्याच्या कंपनीचा फुल अँड फायनलचा कागद मागितला. तिने मोबाइलमधून सगळं एकेक करून पाठवलं. आजच्या मुलींचं हे बरं असतं, कागद हरवत नाहीत, फक्त सापडत नाहीत.

आता गंमत बघा. पुण्याच्या कंपनीने हिशेब केला तो वर्षभराचा: साठ हजार गुणिले बारा, ७,२०,०००. त्यातून नव्या करपद्धतीची ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली की ६,४५,०००. त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कलम ८७ए ची पूर्ण सूट होती. कर शून्य, कपात शून्य. हिशेब बरोबर. भोपाळच्या कंपनीने ऑक्टोबरमध्ये पाहिलं ते फक्त आपल्याकडचे सहा महिने: एक लाख गुणिले सहा, वजा ७५,०००, म्हणजे ५,२५,०००. कर शून्य, कपात शून्य. हाही हिशेब बरोबर.

चूक कुणीच केली नाही आणि उत्तर मात्र चुकलं. पुण्याचे ३,६०,००० आणि इथले ६,००,००० मिळून ९,६०,०००. प्रमाणित वजावट माणसाला वर्षातून एकदा मिळते, कंपनीगणिक नाही. म्हणजे करपात्र ८,८५,०००. सात लाखांपर्यंतचे २०,०००, वरच्या १,८५,००० वर दहा टक्क्यांनी १८,५००, त्यावर चार टक्के उपकर. एकूण ४०,०४०. आणि खात्यात जमा शून्य.

तिचा चेहरा पडला. "पण माझी काय चूक? एचआरने जे फॉर्म दिले ते मी भरले."

कुठले भरले ते विचारलं. भरला होता १२बीबी, म्हणजे गुंतवणूक, घरभाडं वगैरेंचा. भरायचा होता १२बी, ज्यात आधीच्या मालकाकडचा पगार आणि तिथे कापलेला कर सांगायचा असतो. दोन फॉर्मांत एका बीचा फरक. बहुतेक कंपन्यांच्या जॉइनिंग किटमध्ये पहिला असतो, दुसरा नसतो. आणि कायदा त्याची सक्तीही करत नाही. कलम १९२ चं दुसरं पोटकलम म्हणतं की कर्मचारी ही माहिती देऊ शकतो. दिली तर नव्या मालकाने दोन्ही पगार धरून कर कापायचा. नाही दिली तर मालकाला विचारायचं कारण नाही.

यात मला खटकतं ते वेगळंच. दोन्ही कंपन्यांकडे पॅन एकच, पीएफचा यूएएन एकच. पुण्याच्या कंपनीने तिमाही विवरणात तिचं नाव दिलं की ते सरकारच्या संगणकात असतं. पण ही माहिती नव्या मालकापर्यंत न्यायचं काम कायद्याने त्याच माणसावर टाकलंय, ज्याला हे काम आहे हेच माहीत नसतं.

मग आयकर खात्याचं पोर्टल उघडलं. एआयएसमध्ये, म्हणजे तिथल्या वार्षिक माहितीपत्रकात, पुण्याचा पगार दिसत होता, कारण त्या कंपनीने शेवटच्या तिमाहीच्या परिशिष्टात तिचं नाव घातलं होतं. भोपाळचा पगार दिसतच नव्हता. म्हणजे तिने घरी बसून आधीच भरून आलेला रिटर्न "सबमिट" केला असता तर उत्पन्न ३,६०,००० आणि कर शून्य असा सुबक, चुकीचा रिटर्न गेला असता. आणि पुढे कधी चौकशी झाली असती तर उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड, चुकवलेल्या कराच्या निम्मा.

"जुन्या पद्धतीने भरला तर?" तिने विचारलं. चांगला प्रश्न. करून पाहिलं. पुण्याचं घरभाडं, पीएफ, एलआयसी आणि दोन्ही राज्यांत मिळून गेलेला व्यवसायकर, सगळं धरूनही जुन्या पद्धतीत कर अडुसष्ट हजारांच्या वर जात होता. नवीच बरी. व्यवसायकराच्या दोन पावत्या पाहून ती "डबल कापलं" म्हणाली, पण पुण्यात सहा महिने दोनशे आणि इथे सहा महिने दोनशे आठच्या आसपास. वर्षाला २,५०० ही मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच आहे. ती ओलांडलेली नव्हती.

राहता राहिलं व्याज. कर दहा हजारांवर असेल तर तो वर्षातच हप्त्यांनी भरायचा असतो. पगारदाराला हे जाणवत नाही, कारण त्याच्या वतीने मालक भरत असतो. इथे कुणीच भरलं नाही. कलम २३४सी खाली चुकलेल्या हप्त्यांचे २,०२० आणि २३४बी खाली एप्रिलपासून जुलैपर्यंत चार महिन्यांचे १,६०० रुपये. सगळं मिळून ४३,६६०.

"पण काकू, तारीख तर १५ सप्टेंबर केलीये ना?"

केलीये. २७ मे रोजी खात्याने रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत नेली. पण वाढली ती रिटर्न भरायची मुदत. कर भरायची नाही. २३४बी चा मीटर दर महिन्याच्या एक तारखेला चारशे रुपये पुढे सरकणार, मग रिटर्नची तारीख काहीही असो. हे ऐकून तिने फोनमधलं बँकेचं ॲप तिथेच उघडलं. मी म्हटलं, घाई नको. दुपारी शांतपणे भरू, मी फोनवर असेन.

जाता जाता तिने पुण्याचा पीएफ काढावा का ते विचारलं. काढू नकोस, इथल्या खात्यात ट्रान्सफर कर. पाच वर्षांच्या आत काढला तर तो करपात्र होतो. ट्रान्सफर केला की पुण्याची वर्षंही त्या पाचांत मोजली जातात.

सकाळी ११.४०

मंडीदीपच्या एका कारखान्याच्या माजी कर्मचाऱ्याचा फोन. हा गृहस्थ डिसेंबर २०२४ मध्ये मंडीदीप सोडून पीथमपूरला गेला. त्याने सगळं शिस्तीत केलं होतं. नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी १२बी भरून दिला, आणि नव्या मालकाने जुना पगार, जुना कर धरून काटेकोर कपात केली. आता तो नावावर जमा झालेला कर दाखवणारा फॉर्म २६एएस उघडतो, तर पीथमपूरचा कर दिसतो आणि मंडीदीपच्या नऊ महिन्यांचे ३०,०३० रुपये गायब. आवाज चढलेला. "मॅडम, पैसे कापले की खाल्ले?"

खाल्ले नव्हते. चलनं वेळेवर भरलेली होती, मी तपासली. कारखान्याच्या आधीच्या अकाउंटंटने त्याच्या पॅनमधल्या दोन अंकांची अदलाबदल केली होती. पॅनची रचना पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर अशी. चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, पाचवं आडनावाचं पहिलं. अंक उलटेपालटे झाले तरी रचना बिघडत नाही, म्हणून विवरण भरण्याच्या सॉफ्टवेअरने ते आत घेतलं. पुढे गाझियाबादजवळ वैशालीत टीडीएसचं जे प्रक्रिया केंद्र आहे तिथे कळलं की असा पॅन कुणाचाच नाही.

आणि पॅन नसल्यासारखं धरलं की कलम २०६एए लागतं: किमान वीस टक्के. नऊ महिन्यांच्या ७,२०,००० वर वीस टक्के म्हणजे १,४४,०००, त्यातून कापलेले वजा करून १,१३,९७० रुपयांची कमी कपात कारखान्याच्या नावावर उभी. व्याज वेगळं. याची सूचना ईमेलने आली होती. कुणाच्या ईमेलवर? आधीच्या अकाउंटंटच्या. तो नोकरी सोडून गेला, ईमेल त्याच्याबरोबर गेला.

कर्मचाऱ्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कापलेला कर त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही, कलम २०५ त्याच्या बाजूने आहे. दोन, तरीही आत्ता रिटर्न भरू नका. बंगळुरूच्या केंद्रातला संगणक कलम २०५ वाचत बसत नाही. तो २६एएसशी ताळा घेतो आणि मागणीपत्र पाठवतो. दुरुस्ती खात्यावर दिसली की भरा. १५ सप्टेंबरपर्यंतची मुदतवाढ सकाळच्या मुलीला महागात पडली असती, पण या माणसाला ती देवासारखी धावून आलीये. त्याचा कर भरलेलाच असल्याने व्याजाचं काही चालत नाही.

दुपारी १.१०

डबा. मुलाने पोहे-जलेबी आणली होती, ती दोघांत.

दुपारी १.५०

दुरुस्तीचं काम लिहून ठेवावं असं आहे, कारण ते एकदा कळलं की त्याची भीती जाते.

टीडीएसच्या ट्रेसेस पोर्टलवर कारखान्याच्या टॅनने, म्हणजे कर कापणाऱ्याच्या क्रमांकाने, लॉगिन केलं. भोपाळकडचे टॅन बीपीएलने सुरू होतात, पुण्याचे पीएनईने. फॉर्म १६ हातात आला की मी आधी तेवढीच तीन अक्षरं पाहते, माणूस कुठून आला ते कळतं. मग मूळ विवरणाची दुरुस्तीसाठीची एकत्रित फाइल मागवायची. ती देण्याआधी पोर्टल खात्री करून घेतं: मूळ विवरणाचा टोकन क्रमांक, एका चलनाचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख, क्रमांक, रक्कम, आणि त्या चलनातल्या तीन कर्मचाऱ्यांचे पॅन व कपात. इथे लोक अडकतात, कारण आकडे आजच्या वहीतले द्यायचे नसतात, त्या वेळी विवरणात जे गेले तेच द्यायचे असतात. चुकीचे गेले असतील तर चुकीचेच.

आमची अडचण साधी होती: कारखान्याच्या संचालकांच्या डिजिटल सहीचा डोंगल मंडीदीपला त्यांच्या टेबलाच्या खणात. तीन वाजता गेटवरचा माणूस पावसात भिजत आला, "मॅडम, डोंगल ले आया हूँ," आणि प्लास्टिकच्या पिशवीतून दुसरी पिशवी, तिच्यातून रुमाल, रुमालातून डोंगल निघाला. कंपनीच्या सहीचा इतका मान मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

डिसेंबरपर्यंत नोकरी म्हणजे तीन तिमाह्यांच्या फॉर्म २४क्यू मध्ये तोच चुकीचा पॅन, आणि चौथ्या तिमाहीच्या वार्षिक पगाराच्या परिशिष्टातही तोच. म्हणून दुरुस्ती चारही विवरणांत. कागदपत्रं लावताना एक फॉर्म १६ सापडला, एक्सेलमध्ये घरी बनवलेला, कंपनीच्या शिक्क्यासह. ट्रेसेसचा प्रमाणपत्र क्रमांक कुठेच नाही. पॅन खोटा असल्याने खरा भाग-अ निघालाच नसणार, मग अकाउंटंटने वेळ मारून नेली. तेव्हाच कुणी विचारलं असतं की हा निघत का नाही, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण सोडून गेलेल्या माणसाच्या कागदासाठी कोण डोकं लावणार? पगारातल्या निम्म्या चुका अशाच, निरोपाच्या महिन्यात जन्मतात.

फाइल विवरणाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली, पॅन बदलला, तपासणी करून घेतली, सहीने चढवली. आता प्रक्रिया व्हायला काही दिवस. १,१३,९७० ची मागणीही त्यासोबत उतरेल. नवा फॉर्म १६ त्यानंतरच.

दुपारी ४.२०

सकाळच्या मुलीचा फोन. "काकू, असेसमेंट इयर कुठलं घालू?" २०२५-२६. कमाई २०२४-२५ ची, निर्धारण त्यापुढच्या वर्षी. प्रकार सेल्फ असेसमेंट, ३००. "खाली ॲडव्हान्स टॅक्स पण आहे, १००." तो नको, ते वर्ष संपलं. ४३,६६० भरले, पावती आली. रिटर्नमध्ये दोन्ही पगार हाताने बेरीज करून घालायचे, प्रमाणित वजावट एकच, पावतीचा क्रमांक, आणि भरल्यावर तीस दिवसांत ई-पडताळणी.

"आणि आमच्या एचआरला काय सांगू?" सांग की तुमचं काही चुकलं नाही, पण पुढच्या माणसाला १२बी द्या.

संध्याकाळी ५.३०

आणि तो पुढचा माणूस लगेच उभाच होता. दुसऱ्या एका क्लायंट कंपनीच्या एचआरवाल्या ताईंचा फोन, जुलैच्या पगारासाठी. एक जुलैला एक इंजिनिअर रुजू झालाय, महिना १,३०,०००. आधी कुठेतरी एक लाखावर होता. त्या म्हणाल्या, "बारा लाखांपर्यंत आता टॅक्सच नाही ना? नऊ महिन्यांचे अकरा सत्तर होतात. म्हणजे कापायचं काही नाही."

हाच तो मुद्दा. या वर्षीपासून सूट सातवरून बारा लाखांवर गेली, चांगलंच झालं. पण वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्याचा खड्डा त्याबरोबर मोठा झाला. पूर्वी साठ हजारवाला आणि लाखवाला त्यात पडत होता, आता सव्वा लाखवालाही पडणार. या माणसाचंच घ्या. जुन्या कंपनीने बारा लाख वजा ७५,००० धरून शून्य काढलं असणार, तुम्ही ११,७०,००० धरून शून्य काढणार. दोन्ही जोडा: तीन लाख आणि ११,७०,०००, मिळून १४,७०,०००. वजावटीनंतर १३,९५,०००. चार ते आठ लाखांवर २०,०००, आठ ते बारावर ४०,०००, वरच्या १,९५,००० वर पंधरा टक्क्यांनी २९,२५०, आणि उपकर. ९२,८२०. आज १२बी आला तर नऊ महिन्यांत दरमहा १०,३१३ कापले जातील, जड जाणार नाही. नाही आला तर पुढच्या जुलैत हा मुलगा असाच कुणासमोर बसेल आणि चव्वेचाळीस हजारांऐवजी लाखाची पावती फाडेल.

ताई जरा गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मागितला होता मी. टाळतोय."

का टाळतोय ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. १२बीत जुना पगार येतो. मुलाखतीत सांगितलेला जुना पगार आणि खरा जुना पगार यांत अनेकांचं थोडं अंतर असतं. कुणी बोलत नाही, पण हा फॉर्म न येण्यामागे अज्ञानाखालोखाल हेच कारण. दुसरंही एक प्रामाणिक कारण असतं: जुनी कंपनी फुल अँड फायनल करायला महिना-दीड महिना लावते, मग रुजू होताना द्यायला आकडाच नसतो. त्यावर उपाय सोपा आहे, शेवटच्या पगाराच्या स्लिपेवरचा वर्षारंभापासूनचा आकडा तात्पुरता घ्यावा आणि नंतर दुरुस्त करावा. पहिल्या कारणावर एचआरकडे उपाय नाही.

पण कायद्याकडे आहे. नोकरी तीच, पगार तोच, फक्त कर स्वतः भरायचा. १५ जूनचा हप्ता गेला, त्याचं किरकोळ व्याज पडेल. पुढचे तीन हातात आहेत: १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. ज्याला फॉर्म द्यायचा नाही त्याला निदान या तारखा तरी द्याव्यात. ताईंना मी म्हटलं, त्याला कोपऱ्यात घेऊन एवढंच सांगा की आम्हाला जुना पगार जाणून घ्यायची हौस नाही, बेरीज तू कर.

संध्याकाळी ७.०५

चलनांच्या पावत्या फायलींत लागल्या. मुलाने २४क्यू च्या पहिल्या तिमाहीची यादी काढली, ती ३१ जुलैची. मी त्यात रुजू झालेल्या आणि सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या पॅनसमोर टिकमार्क करून घेतला. सोडून गेलेल्यांच्या नावांपुढे जरा जास्त वेळ लावला.

निघता निघता ताईंचा मेसेज: "१२बी नाही म्हणतो. स्वतः भरेन म्हणतो. किती, केव्हा ते लिहून द्या."

लिहून पाठवलं: १५ सप्टेंबरपर्यंत ४१,७६९. प्रकार ॲडव्हान्स टॅक्स, १००. निर्धारण वर्ष २०२६-२७.